कुंडीतली घड्याळं

(दहावीच्या १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "तू आयटीत आहेस, एआयवर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, एआयवर सध्या सगळेच बोलतायत, मी घरातल्या झाडांवर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग "बरं, पण लांबवू नकोस" असं उत्तर आलं. लांबवत नाही.

सुरुवात आपल्या ग्रुपपासून करते. दर दोन महिन्यांनी कुणीतरी तिथे बांबूची गोष्ट टाकतं. चीनमधला एक शेतकरी बांबूचं बी लावतो, पाच वर्षं पाणी घालतो, जमिनीवर काही म्हणजे काही दिसत नाही, आणि पाचव्या वर्षी सहा आठवड्यांत बांबू नव्वद फूट वाढतो. खाली हात जोडलेले आणि 'धीर धरा'. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. बांबूचं बी रुजलं की काही आठवड्यांत गवतासारखं पातं वर येतं. पहिल्या वर्षी काडीएवढे कोंब, मग पेन्सिलीएवढे, मग आणखी जाड, असं दर वर्षी वाढत जातं. जमिनीखाली कंद पसरत असतात. त्यांच्यात पुरेसा साठा झाला की पुढचे जाड कोंब झपाट्याने वर जातात. काही जातींचा कोंब एका दिवसात दोन-तीन फूट वाढतो, तेवढं खरं आहे. पण पाच वर्षांत एक पातंही दिसलं नाही, तर त्या शेतकऱ्याने धीर वगैरे न धरता बी मेलंय का ते उकरून बघावं, असं माझं मत आहे.

उकरण्यावरून आठवलं. पाचवीत आपण काचेच्या पेल्यात टीपकागद लावून वाल रुजवले होते. आपल्यातला एक जण रोज स्वतःचा वाल उपसून मूळ किती आलं ते पट्टीने मोजायचा. वर्गात सगळ्यांत आधी त्याचाच वाल कुजला. तो आज इथे बसलाय आणि चांगला सर्जन आहे, म्हणजे उघडून बघायची ती हौस वाया गेलेली नाही.

आता गंमत बाजूला. रोज उपसून बघणाराही चुकतो आणि पाच वर्षं डोळे मिटून पाणी घालणाराही. 'धीर' हा एकच शब्द आपण सगळीकडे वापरतो, पण माझ्या गॅलरीत बावीस कुंड्या आहेत आणि प्रत्येकीचं घड्याळ निराळं आहे. कुठलं झाड कुठल्या घड्याळावर चालतं हे कळायला वेळ लागतो. आज बोलायचंय ते एवढ्याचबद्दल.

पाण्याचं बघा. घरातली झाडं तहानेने कमी मरतात, पाण्याने जास्त. कुठल्याही नर्सरीत विचारा. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, आणि ती मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत असते. रोज पाणी ओतलं की पोकळ्या भरतात, मूळ गुदमरतं आणि कुजायला लागतं. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून वर पानं मलूल होतात. पेच इथे आहे. मुळं कुजलेल्या झाडाचं पान आणि तहानलेल्या झाडाचं पान लांबून अगदी सारखं दिसतं. बघणाऱ्याला दया येते आणि तो आणखी तांब्याभर पाणी घालतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडत नाही म्हणून आपण पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो, तसंच हे. तिकडे सर्व्हर आधीच धापा टाकत असतो आणि आपल्या प्रत्येक क्लिकने त्याच्यावर एक काम वाढतं. मुलं निकालाला बसलेली असतात, त्यामुळे आयांना हे सांगायची सोय नसते. मी घरी सांगून बघितलंय.

उपाय सोपा आहे. बोट दोन पेरं मातीत घालायचं. ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. आणि माती ओली असूनही पान मलूल असेल, तर मात्र थांबायचं नाही. त्याच दिवशी झाड कुंडीतून काढायचं, काळी पडलेली, मऊ झालेली मुळं कापायची, कोकोपीट आणि जाड वाळू घातलेल्या नव्या मातीत लावायचं. 'बघू, आठवडाभर वाट बघू' म्हटलं की झाड गेलंच. पिठ्या ढेकणाचंही तेच. देठाच्या बेचक्यात कापसाचा एक ठिपका दिसला की तो आजच पुसायचा. उद्यापर्यंत धीर धरला तर पिठ्याचाच फायदा होतो.

आणखी एक चुकणारं मोजमाप म्हणजे उजेड. भर उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. घरात टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात तो शंभर-दोनशे लक्सवर येतो. फोनवर ॲप घेऊन मोजून बघा, पटणार नाही. आपला डोळा जुळवून घेतो, त्यामुळे आपल्याला कोपरा 'जरा अंधारा' एवढाच वाटतो, पण झाडाच्या दृष्टीने जेवणाचं ताट जवळजवळ रिकामं झालेलं असतं. त्या कोपऱ्यातलं झाड सहा महिने हिरवं राहतं आणि आपण म्हणतो, बघा, काही लागत नाही त्याला. ते झाड वाढत नसतं, साठवलेल्यावर दिवस काढत असतं. (झाडांनी घरातली हवा शुद्ध होते, हेही जाता जाता डोक्यातून काढा. १९८९ साली नासाने बंद पेट्यांत तसे प्रयोग केले होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी सगळे आकडे पुन्हा मांडले, तेव्हा साध्या हवेच्या येण्याजाण्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. खिडकी उघडा.)

आता जे सांगणार आहे ते आईबद्दल आहे. तुमच्यातल्या निम्म्यांनी तिच्या हातची थालीपीठं खाल्ली आहेत, आणि येताना दारातच चौघींनी विचारलं, "काकू कशा आहेत?" म्हणून सगळ्यांना एकदमच सांगते.

जानेवारी २०२१. आई इथे, गावच्या घरी होती. सकाळी चहा गाळताना हातातलं गाळणं पडलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि तिने शेजारच्या काकूंना काहीतरी सांगितलं ते कुणालाच कळेना. घरात जमलेल्यांपैकी कुणी म्हणालं, पित्त झालं असेल, जरा पडू दे. कुणी म्हणालं, साखरेचं पाणी द्या. शेजारच्या मुलाने कुणाचं ऐकलं नाही. त्याने रिक्षा काढली, तिला उचलून बसवलं, आणि दोन तासांच्या आत ती इंजेक्शनपर्यंत पोचली. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गाठ विरघळवणारं ते इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं काहीही अचानक दिसलं तर घड्याळात वेळ बघा आणि १०८ ला फोन करा. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत, आईवडील सत्तरी-पंचाहत्तरीत. भाषणातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या. त्या सकाळी धीर धरणं हाच सगळ्यांत मोठा धोका होता.

आई वाचली. उजवा हात अशक्त राहिला आणि शब्द गेले. याला अफेझिया म्हणतात. समोरच्याचं बोलणं तिला बहुतेक सगळं कळायचं, काय सांगायचंय हेही मनात असायचं, पण शब्द तोंडाशी येईना, किंवा भलताच यायचा. कुंडीला 'खुर्ची' म्हणायची आणि तिलाच कळायचं की चुकलं, मग डोळ्यांत पाणी यायचं. चहा मागता येत नव्हता. पण संध्याकाळी दिवा लावला की रामरक्षा पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही अक्षर न अडखळता. आम्ही चकित झालो. डॉक्टर म्हणाले, असं होतं. पाठ झालेलं, ओळीने म्हटलेले आकडे, शिव्यासुद्धा, हे मेंदूत निराळ्या वाटेने येतं. माझ्या आईने जन्मात शिवी दिली नव्हती. आता एकदोन देते, आणि अगदी स्पष्ट उच्चारात.

पुण्याला माझ्याकडे आणल्यावर आम्हाला स्पीच थेरपिस्ट बाई मिळाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक नियम दिला. तिला काही विचारलंत की मनात दहापर्यंत मोजा, तोवर शब्द पुरवू नका. दहा म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? आत्ता सगळे मिळून मोजूया. मनातल्या मनात.

(इथे सभागृहात दहा मोजेपर्यंत शांतता.)

बघा, सहाव्या आकड्याला खुर्च्या करकरायला लागल्या. आपल्याला भूमिती शिकवणाऱ्या बाई इथे पहिल्या रांगेत आहेत. बाई, तुम्ही फळ्यावर आकृती काढून एकाला उभं करायचात आणि बोलायचं थांबायचात. मागून कुणी कुजबुजलं की तुमची नुसती नजर पुरायची. तेव्हा ती शिक्षा वाटायची. बाई तिथे उत्तराला जागा करून देत होत्या, हे मला थेरपिस्ट बाईंच्या समोर बसल्यावर कळलं.

भेटायला येणारी माणसं प्रेमाची होती, पण आईने तोंड उघडलं की चहूबाजूंनी सुरू व्हायची. पाणी हवंय का? पंखा? उशी देऊ? दुखतंय का कुठे? आई गप्प व्हायची आणि मान हलवायची, कशालाही 'हो'. लोक म्हणायचे, दमल्या बिचाऱ्या. मग आणखी प्रश्न. मी शेवटी दाराच्या आतल्या बाजूला एक कागदच लावला, 'प्रश्न एक. मग दहा आकडे.' काही जणांना तो उद्धटपणा वाटला. वाटू दे.

आईबरोबर टेंपोतून तिच्या अकरा कुंड्याही आल्या होत्या. थेरपिस्ट बाईंनी त्यांचाच अभ्यास करून टाकला. रोज सकाळी गॅलरीत उभं राहायचं आणि एकेका झाडापाशी थांबून नाव आठवायचं. तुळस, मोगरा, गवती चहा, कोरफड, जास्वंद. मी सवयीप्रमाणे एक्सेलमध्ये नोंद ठेवली. चाळीस शब्द, रोजची तारीख. मोगरा दोन महिन्यांत आला. तुळस त्याआधी. कोरफडीला सव्वा वर्ष लागलं, का ते कुणालाच सांगता येणार नाही. ताप आला की सहा-सात शब्द एकदम नाहीसे व्हायचे आणि पंधरा दिवसांनी परत यायचे. त्या नोंदींचा आलेख काढला तर डोंगररांगेसारखा दिसतो. पण जानेवारीचं टोक डिसेंबरच्या टोकाशेजारी ठेवलं की चढ दिसतो. डॉक्टरांनी सांगितलेलं तसंच होतं: पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भराभर होते, मग वेग कमी होतो, पण ती थांबतेच असं नाही. वर्षांनंतरही शब्द येतात.

मार्च २०२२ मध्ये आईने डाव्या हाताने झीझीचं एक पान पारदर्शक डब्यात मातीत खोचलं. झीझी तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या ऑफिसात असेल, मेणासारखी चकचकीत पानं, मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. ते एका पानापासूनही वाढतं, पण वर काही दाखवण्याआधी ते पान मातीत बटाट्यासारखा लहानसा कंद करतं. कोरड्या मुलखातलं झाड, त्यामुळे आधी साठा, मग कोंब. महिनोन्महिने डब्यात तेच एक पान. पण डबा पारदर्शक असल्यामुळे पाचव्या महिन्यात कडेला कंद दिसायला लागला, वाटाण्याएवढा. आईने मला हाक मारून बोटाने दाखवला. कोंब फुटायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. मधले सहा महिने आम्ही आंधळी वाट बघत नव्हतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. बांबूच्या गोष्टीतल्या शेतकऱ्याचा डबा तेवढा पत्र्याचा असणार.

आणि काही गोष्टी येत नाहीत, हेही सांगायला हवं. मनी प्लांट घ्या. आपल्याकडे घरोघरी आहे, मुळात तो प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. लोंबता ठेवला तर पानं तळहाताएवढी राहतात. त्याला आंब्यावर चढू दिलं तर तीच पानं सुपाएवढी होतात आणि त्यांना खाचा पडतात. वीस वर्षं बाटलीत ठेवलेला वेलही आधार मिळाला की मोठी पानं काढायला लागतो. पण फूल? ते जवळजवळ कधीच येत नाही. २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी कारण शोधलं. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक त्याला स्वतःला पुरेसं बनवता येत नाही. मग त्याच्यापुढे कितीही वर्षं बसा. आईचं हिशेबाचं तसं झालंय. वीस वर्षं गल्लीतल्या बायकांची भिशी तिने एक रुपया इकडेतिकडे न होऊ देता सांभाळली. आता वजाबाकी येत नाही. दोन वर्षं आम्ही प्रयत्न केला, मग थेरपिस्ट बाई म्हणाल्या, हे सोडून देऊ, तो वेळ बोलण्याला देऊ. ज्या दिवशी वजाबाकीची वही माळ्यावर टाकली त्या दिवशी आई मनापासून हसली. ते सोडण्याला मी हार म्हणत नाही. मनी प्लांटने पानं वाढवावीत, त्याला आधाराची काठी द्यावी.

शेवटचं झाड ब्रह्मकमळ. आमच्या गच्चीवरचं, ते तुमच्यातल्या अनेकांनी रात्री चपला हातात घेऊन बघितलंय. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं, हे आपलं म्हणजे मेक्सिकोकडून आलेला काटे नसलेला निवडुंग. ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड असतं, त्याच्या कडेच्या खाचेतून कळी येते. आमचं झाड टेंपोतून पुण्याला आलं आणि रुसल्यासारखं बसलं. २०२१ गेलं, २०२२ गेलं. या झाडाची मुळं कुंडीत जरा दाटलेली असली की ते बरं फुलतं, म्हणून कुंडी बदलायची नाही असं ठरवलं होतं. जुलै २०२३ मध्ये एक कळी धरली. रोज मापात वाढली, महिना होत आला तेव्हा खाली लोंबणारी तिची मान वर वळली. आज रात्री फुलणार हे आईने सकाळीच ओळखलं.

मी कामावर होते. परत आले तेव्हा आई मजल्यावरची दारं वाजवत फिरत होती. तीन वर्षांत ती एकटी कुणाच्या दारात गेली नव्हती. समोरच्या ताईंच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "फूल." मग किती वाजता ते सांगायचं होतं. सुटा आकडा तिला आजही सापडत नाही. तिने डाव्या हाताची बोटं पुढे धरली आणि पहिल्यापासून सुरू केलं, एक, दोन, तीन. ताई मध्ये बोलल्या नाहीत. चार, पाच, सहा. जिन्यात लिफ्ट येऊन गेली. नऊवर आई थांबली आणि म्हणाली, "या."

नऊ वाजता आमच्या घरात एकवीस माणसं होती. सकाळी फूल मान टाकून पडलं होतं, ते ठरलेलंच.

आता काम. मागच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले ब्रह्मकमळाचे चाळीस तुकडे ठेवलेत, घरी जाताना एकेक घेऊन जा. कापलेली बाजू चार दिवस सावलीत सुकवलेली आहे. पुडीतच खालच्या बाजूला पेनाने रेघ मारलीय, ती बाजू मातीत, दोन इंच. उलटं लावू नका. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नको. पाणी बोटाला विचारून. थंडी सुरू होतेय, त्यामुळे मूळ धरायला वेळ लागेल. महिन्या-दीड महिन्याने हलकेच ओढून बघा, विरोध जाणवला तर धरलंय. अजिबात जाणवला नाही आणि खालचा भाग मऊ लागला तर ग्रुपवर सांगा, दुसरा पाठवते. फूल यायला दोन-तीन वर्षं धरून चाला.

पुड्यांवर नाव आईने लिहिलंय, डाव्या हाताने. पहिल्या वीस-बावीस नीट आहेत. पुढे दमली, तिथे काहींवर नुसतंच 'ब्रह्म' आहे आणि एकावर, का कोण जाणे, 'मोगरा'. तो मोगरा नाही. ज्याला मिळेल त्याने तसाच घेऊन जावा.